युन्नानच्या वहिनी

बस सुटायच्या आधी टूर लीडर माणसं मोजतो. आमच्या वहिनी त्याच्याही आधी माझी शेगडी बंद करायच्या. कांदा अर्धा परतलेला असो, नाहीतर कणीक नुकती भिजवलेली असो. "दिनकर, चल. आधी बघून घे. पोळ्या काय, आल्यावरही लाटशील."

सिंगापूरमधल्या मराठी कुटुंबांना चीनमधला युन्नान प्रांत दाखवायचा उद्योग वहिनींनी नव्वदनंतर सुरू केला. यजमान मरीन इंजिनियर, महिनोन् महिने जहाजावर. बेडोकच्या फ्लॅटमध्ये एकटं बसून भिंतींशी काय बोलायचं, म्हणून ही सहल. आणि मराठी सहल म्हटली की स्वयंपाकी बरोबर हवाच. डोंगर कितीही देखणा असला तरी दुपारी वरणभात मिळालाच पाहिजे. तो स्वयंपाकी मी, सातवीत शाळा सोडलेला. बेडोकच्याच एका हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे छपराखालच्या खाऊगल्लीत, पोळ्या लाटायचो. मालकाकडे रजा वहिनी मागायच्या आणि घाम मला फुटायचा. मालक चिडला, कामाचा पास गेला, तर गावाकडे काय तोंड दाखवू?

सहलीतला महाराज सहसा हॉटेलच्या मागच्या दाराशी भांड्यांत असतो. आपण कुठल्या गावात आहोत, हेही त्याला धड ठाऊक नसतं. वहिनींना हे मान्य नव्हतं. कुनमिंगजवळचं दगडांचं जंगल मी पाहिलं ते हाताला हळद लागलेली असताना. खांबांसारखे उभे काळे दगड, त्यांच्या फटींतून लोक वाट काढतायत. मी मान वर करून उभा, आणि वहिनी मागून, "तोंड मीट रे, माशी जाईल!"

दालीला तलावाकाठी बाई नावाची जमात राहते. गाइडने एका मिशीवाल्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "हे बाई आहेत." आमच्या सहलीतले लेलेकाका गंभीरपणे म्हणाले, "बाई? मग हे मिशा कशाला ठेवतात?" बस इतकी हसली की गाइडला वाटलं आपलंच इंग्रजी चुकलं. त्या लोकांत पाहुण्याला तीनदा चहा देतात. पहिला कडू, दुसरा गोड, तिसरा जिभेवर रेंगाळणारा. लेलेकाकूंनी पहिला घोट घेतला, "साखर विसरली वाटतं बिचारी," म्हणाल्या आणि पर्समधली साखरेची पुडी कपात रिकामी केली. वहिनींनी कपाळाला हात लावला, "काकू, त्यांचा दुसरा चहा तुम्हीच करून टाकलात की!"

तिथल्याच बाजारात मला शेळीच्या दुधाचं पनीर मिळालं. मी त्याचं मटर-पनीर केलं, तर वहिनी पानापानाशी जाऊन सांगत होत्या, "हा आमच्या दिनकरचा शोध." माझ्या नावापुढे 'आमच्या' लावणारं त्या परमुलखात दुसरं कुणी नव्हतं.

पण महाराज फिरतो आणि जेवायला उशीर होतो, ही कुरकुर होतीच. ती फुटली लीजियांगला. गावाच्या डोक्यावर बर्फाचा डोंगर आहे, तारेवरच्या पाळण्यात बसून वर जायचं. वहिनींनी शेगडी बंद केली, माझ्या हातात तिकीट दिलं आणि अंगावर स्वतःचा जाड कोट घातला.

"वहिनी, डाळ शिजायचीय."

"डाळ मी बघते."

"आणि लोक बोलले तर?"

"बर्फ बघून आल्यावर कुणाला भूक आठवते?"

सगळ्यांना आठवली. आम्ही गारठून खाली आलो, तर त्या उंचीवर डाळ कच्चीच आणि भात करपलेला. लेलेकाका सगळ्यांदेखत म्हणाले, "महाराजाला फिरवायला आलोय का आम्ही?" मी बायकी कोट घालून तिथेच उभा. वहिनी एवढंच म्हणाल्या, "चूक माझी आहे. वाढते." वरचा भात सगळ्यांना वाढून तळाचा काळा स्वतःच्या पानात घेतला.

पुढच्या सहलीला नावंच आली नाहीत. नेहमी येणाऱ्या नोव्हेनाच्या डॉक्टरांनी नाही म्हटलं, हौगांगला राहणारी मंडळीही दुसऱ्या सहलीबरोबर गेली. मी म्हटलं, "वहिनी, मी शेगडीपासून हलणार नाही, असं सांगा ना त्यांना. माझ्यापायी तुमची सहल बुडतेय."

"तसं सांगून माणसं आली, तर ती माझी सहल कशी?"

मग यजमानांनी जहाज सोडलं आणि दोघं पुण्याला परतायला निघाली. मी खोकी बांधायला गेलो होतो. दोरीला गाठ मारताना त्यांनी सहज विचारलं, "वर कसं होतं रे?"

"तुम्हाला मी काय सांगू, वहिनी? तुम्ही तर दर वर्षी..."

"कुठलं! दर वेळी कुणाला तरी दम लागायचा, मी त्यांच्यापाशी खाली. तू वर गेलास त्या वेळी सगळे धडधाकट निघाले. पण मग तुझी डाळ कोण बघणार?" आणि हसल्या.

माझ्या हातातली दोरी सुटली. जे तोंडात आलं ते बोललो, "पांढरं होतं, वहिनी."

"ते खालूनही दिसतं," त्या खोक्यावर नीट मांडी घालून बसल्या. "पुढे सांग."