थोरल्या जावयाची बदकं

४ मार्चला बेकरीवाल्या धाकट्या साडूने सहा हजार चारशे रुपये मोजून मँडरिन बदकांची जोडी घरी आणली, आणि त्या दिवसापासून चष्मेवाल्याला जेवण गोड लागेना.

चष्मेवाला म्हणजे थोरला जावई. दिवसभर दुकानात काचा घासायचा आणि संध्याकाळी परसातल्या दोन पांढऱ्या बदकांची उस्तवार करायचा. अकरा वर्षं झाली होती. टपातलं पाणी रोज बदललेलं, बदकाचं डोकं पूर्ण बुडेल इतकं खोल; डोळे धुता आले नाहीत तर ते चिकटतात. खाली कोरडा पेंढा, खायला धान्य आणि चिरलेला पाला. सासूबाई दर रविवारी तिथे खुर्ची टाकून बसायच्या आणि म्हणायच्या, "बदकं पाळावीत तर आमच्या थोरल्या जावईबापूंनी!"

आता सासूबाईंचा रविवार धाकट्याच्या गच्चीवर जाऊ लागला. साडूचा नर होताच तसा: गालांवर नारिंगी कल्ले, जांभळी छाती, पाठीवर शिडासारखी दोन उभी पिसं. मादी आपली साधी, करडी.

"आणि तो बेकरीवाला त्यांना पाव घालतो!" चष्मेवाला बायकोपाशी धुमसायचा. "पावाने नुसतं पोट भरतं, अंगी काही लागत नाही."

"मग सांगा ना त्याला."

"मी कशाला सांगू? विचारलं का त्याने?"

जूनमध्ये विचारलं. साडू तोंड पाडून दुकानात आला. "दादा, नराची पिसं झडली हो. शिडं गेली, कल्ले गेले. दोन्ही माद्याच वाटतात आता. आजारी असेल का?"

चष्मेवाल्याला सगळं ठाऊक होतं. विणीचा काळ संपला की या जातीचा नर रंगीत पिसं टाकतो, दोन-तीन महिने मादीसारखा दिसतो, चोच तेवढी लालसर राहते; मग रंग परत येतो. एवढं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. त्याने एक काच उचलली आणि सावकाश पुसली.

"हल्ली रंगवून विकतात रे," तो म्हणाला. "धुऊन गेला असेल."

"म्हणजे मला टोपी घातली? कुणाला बोलू नका हं दादा. गिऱ्हाइकं हसतील मला."

"नको असेल तर मी नेतो जोडी. नऊशे देतो."

"न्या बाबा. डोळ्यांसमोर नको."

सप्टेंबरात नराच्या पाठीवर शिडं पुन्हा उभी राहिली. पण दाखवायची कुणाला? बघणारा साडूला सांगणारच. चष्मेवाल्याने पिंजऱ्यावर चादर टाकली आणि रोज संध्याकाळी तिच्यात डोकं खुपसून एकटाच बघत बसू लागला.

"जुन्या फोटोवाल्यासारखे काय बसता?" बायको म्हणाली.

तीन रविवार त्याने कळ काढली. चौथ्या रविवारी सासूबाईंना बोलावलंच. "कुणाला सांगणार नसाल तर एक गंमत दाखवतो."

चादर निघाली. "अगं बाई! हा तर धाकट्याकडच्यापेक्षाही देखणा!"

या एका वाक्यासाठी तो सात महिने जळत होता. त्या दिवशी त्याने बायकोकडून दोनदा वाढून घेतलं.

सासूबाई तिथून निघाल्या त्या थेट धाकट्याकडे. "थोरल्याकडून जरा शिका," असं त्याला ऐकवूनच घरी गेल्या.

संध्याकाळी साडू ओला पांढरा रुमाल घेऊन आला. त्याने नराला काखेत धरलं, शिडं चोळली, कल्ले चोळले, आणि रुमाल उलगडून बघितला.

"रंग पक्का आहे, दादा."

"त्याचं काय झालं..." चष्मेवाल्याने चादरीची घडी घालायला घेतली. "पाव घालू नकोस त्यांना," तो अखेर म्हणाला. "आणि टप खोल घे."

"हे मार्चमध्येच सांगायचं होतंत."

साडूने खिशातून सातशे रुपये काढून पिंजऱ्यावर ठेवले आणि जोडी टोपलीत घालून नेली. चष्मेवाल्याने बाकीचं विचारलं नाही, साडूनेही काढलं नाही. वरचे दोनशे अजून यायचे आहेत.