गाव तोडीला गेल्यावर आलेली मोटार

सिरसाळ्यात माझं मोटारी भरायचं दुकान हाय. म्हंजे पाण्याची मोटार जळाली की तिच्यात नवी तार भरून द्यायची. शाळेत मी जल्मात एकदाच गेलो, तेबी पंखा दुरुस्त कराया. आन् माझी पोरगी शहरातल्या विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्स आन् कॉम्प्युटर इंजिनिअरिंग शिकती. कुणी इचारलं, काय शिकती, तर मी निम्मं नाव सांगून खोकतो.

बायको वारल्यापासून घरात आमी दोघंच. पोरगी शिकाया गेली आन् मी उरलो. भाकर माझी अशी, की कुत्रं वास घेतं आन् माझ्याच तोंडाकडं बघतं.

तिच्याशी बोलावं वाटायचं लई. पण 'जेवलीस का' इचाराया एक मिनिटबी लागत न्हाई, मंग पुढं काय? म्हणून मी मोटारी बिघडवाया लागलो, तोंडानंच. 'बाई, एक मोटार आलीया. गुणगुणती, पण फिरत न्हाई.'

'आप्पा, कॅपॅसिटर बघा.'

पंचवीस वर्सं मी दुसरं काय बघतोय? तरी म्हणायचो, 'ते कसं बघायचं?' मंग ती धा मिनिटं शिकवायची. मी हूं हूं करायचो.

दसरा झाला, गाव ऊसतोडीला गेलं. आळीत कुलपं आन् मी. फोन लावला, 'बाई, शेजारच्या काकाची मोटार आलीया.'

'काका तर कारखान्यावर गेलेत ना? कालच काकूचा फोन आलता.'

खोटं बोलायचं तर गावात कोण हाय ते तरी बघावं, येवढीबी अक्कल न्हाई मला. म्हणलं, 'जुनी हाय. पडून व्हती.'

मोटारीला काय झालंय, ते तिनं इचारलंच न्हाई. म्हणली, 'माझी परीक्षा हाय आप्पा. ठेवते.'

आठ दिवस मी फोन केला न्हाई. लाज वाटली. दुकान उघडायचो, फोन म्होरं ठेवायचो आन् चांगल्या मोटारी खोलून परत बसवायचो.

नवव्या दिवशी दुपारी तिचाच आला. 'आप्पा, माझ्या खोलीतला पंखा घरघर करतोय. काय करू?'

तिसऱ्या वर्साची इंजिनेर, आन् पंखा मला इचारती. म्हणलं, 'फोन वर धर, ऐकू दे.'

तिनं धरला. मी कान लावून ऐकलं. पंखा झ्याक चालत व्हता, घरघर न्हाई का काय न्हाई. खोलीत दुसऱ्या कुणाचं बोलणंबी न्हवतं.

'आतला बुश झिजलाय,' म्हणलं. 'लई किचकट काम हाय, बाई. खाली बस, सांगतो.'