पोपटासाठी फोडलेली भिंत

माझ्या माहेरच्या स्वयंपाकघराला उत्तरेकडून एक खिडकी आहे. लोखंडी गजांची, निळ्या रंगाची, चारचौघांच्या घरात असते तशीच. पण तिच्याकडे बघितलं की मला अजून संताप येतो. आईला मात्र ती फार आवडायची.

आमचं गाव बाभुळगावपासून थोडं आत. घरची शेती, कपाशी आणि तूर. कापूस वेचून झाला की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उपटून घरामागे रचायची आणि वर्षभर चुलीत घालायची, ही आमच्याकडची रीत. गॅस आला तो चहापुरता आणि पाहुण्यांपुरता. भाकर, वरण, आंघोळीचं पाणी, सगळं चुलीवर. कारण काय, तर बाबांच्या घशाखाली गॅसवरची भाकर उतरत नसे. पऱ्हाटी पेटते झटकन, पण धूर सोडते दाट आणि झोंबरा. हंगामभर तिच्यावर जे जे फवारलेलं असतं ते कुठे जाणार? आईचे डोळे कायम लाल असायचे. लहानपणी मला वाटे, तिच्या डोळ्यांचा रंगच तसा आहे.

खिडकीची तिची मागणी माझ्या जन्माच्या आधीची. बाबा कधी नाही म्हणाले नाहीत. "कापूस निघू दे, मंग पाहू," म्हणायचे. कापूस दरवर्षी निघायचा. मग भिंत मातीची आहे, हात लावला तर आढं खाली येईल, असं काहीतरी निघायचं. आई फुंकणी उचलून पुन्हा चुलीपुढे बसायची. पहाटे तिचा खोकला ऐकू आला की आम्ही भावंडं समजायचो, चूल पेटली, आता उठायला हवं. खोकल्याचं कोणाला काही वाटत नसे, तिलाही नाही.

मी लग्न होऊन दिग्रसला आले, त्यानंतर धाकट्या भावाने यवतमाळहून पोपटांची जोडी आणली. आपला हिरवा पोपट पाळणं कायद्यात बसत नाही, म्हणून ही परदेशी. राखाडी अंग, डोक्यावर तुरा, गालांवर केशरी टिकल्या. पुढे भाऊ नोकरीसाठी बाहेर पडला आणि जोडी बाबांच्या गळ्यात पडली. पडली कसली, बाबांनी हौसेने घालून घेतली. जन्मात कोणाशी दोन शब्द गोड न बोललेला हा माणूस पिंजऱ्यापुढे बसून शीळ घालू लागला, आणि नर त्याला उलट शीळ देऊ लागला. आईला त्यांनी कधी जेवलीस का म्हणून विचारलेलं मला आठवत नाही. नराला मात्र दोन्ही वेळेला, "राजा, जेवला का रे?"

"माह्या सवतीचा थाट पाह्य वं," आई मला म्हणायची आणि हसायची. हसता हसता खोकायची.

त्या हिवाळ्यात थंडी जबर पडली. सपरीतली, म्हणजे पुढच्या पडवीतली, पाखरं पिसं फुगवून बसू लागली. बाबांनी सांजेला पिंजरा आत आणून चुलीजवळच्या खुंटीला टांगायला सुरुवात केली, वरून घोंगडं. कोंबडीची पिल्लं असोत, शेळीचं करडू असो, नाहीतर बाळंतीण, ऊब द्यायची ती चुलीपाशी, हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. केलं ते मायेनेच. पण धूर वर चढत होता आणि घोंगड्याखाली कोंडत होता. मादी चोच उघडी टाकून श्वास घेऊ लागली, श्वासागणिक तिची शेपटी खालीवर व्हायची. बाबांना वाटलं, गारठा अजून सोसत नाही. त्यांनी पिंजरा आणखी जवळ घेतला. एका सकाळी घोंगडं काढलं तर मादी तळाशी पडली होती.

बाबा नराला पिशवीत झाकून तालुक्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी घरातलं सगळं खोदून विचारलं. मग म्हणाले, पाखराचं फुप्फुस फार नाजूक, तुम्हाला जो धूर नुसता झोंबतो तो त्याचा जीव घेतो. चूल नको, मच्छरची कॉइल नको, अगरबत्ती नको, करपलेल्या तेलाचा धूर नको, फवारणीच्या औषधाचा तर वासही नको. खेळती हवा पाहिजे.

संक्रांतीला मी माहेरी गेले तर घर ओळखू येईना. मिस्त्री लावून उत्तरेची भिंत फोडलेली, खिडकी बसवलेली. आढं जिथल्या तिथे होतं. चूल मागच्या अंगणात टिनाखाली गेली होती, तीही फक्त पाणी तापवायला. फवारणीचा पंप आणि औषधाचे डबे माझ्या आठवणीत कायम धान्याच्या कोठीशेजारी असायचे, ते आता शेतातल्या खोलीत होते. देवापुढे नुसता दिवा. आणि बाबा गॅसवरची भाकर मुकाट्याने खात होते. घशाखाली उतरत होती.

माझं डोकं फिरलं. "बाबा, हे पयले काहून नाही केलं? आई किती वर्षांपासून म्हणून राह्यली होती तुमाले!"

"अवं, डॉक्टरनं सांगतलं," बाबा म्हणाले. "मुका जीव हाय तो. त्याले बोलता येते का?"

आई तवा घासत होती. "अन मले येत होतं," ती म्हणाली. मग माझा चेहरा पाहून तिनेच सावरून घेतलं, "जाऊ दे न वं माय. पोपटाच्या पुण्याईनं मलेही हवा आली."

पण ते वरातीमागून घोडं होतं. धूर गेला, खोकला राहिला. पावसाळ्यात तिला अंगणातून घरात येईस्तोवर मध्ये दोनदा टेकावं लागू लागलं. मी आणि बाबा तिला बसने यवतमाळला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर छातीचा फोटो उजेडासमोर धरून बराच वेळ बघत राहिले.

"चुलीवर स्वयंपाक करता?"

"लग्न झालं तवापासून," आई म्हणाली.

"आता नाही जी," बाबा घाईघाईने म्हणाले. त्यात थोडी ऐटही होती. "चूल बाहेर काढली आमी. भिंत फोडून खिडकी केली."

"चांगलं केलंत," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे यांना धुराचा त्रास होतोय हे तुमच्या लक्षात आलं होतं. मग इतक्या उशिरा का आणलंत?"

 बाबा माझ्याकडे बघू लागले. मी मान फिरवली. मला खरंच वाटत होतं की आज त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगावं.

आईच बोलली, मध्ये श्वास घेत घेत. "तसं नाही, साहेब. घरी पोपट हाय आमच्या. त्याले धूर सोसत नव्हता."

डॉक्टरांनी वर पाहिलं, आधी तिच्याकडे, मग बाबांकडे. मग औषधं लिहायला घेतली. तिचा आवाज मी नंतर किती वेळा आठवून पाहिला. त्यात राग सापडला असता तर मला बरं वाटलं असतं. नव्हता.

शेवटचे महिने आईची बाज खिडकीपाशीच होती, शेजारी पिंजरा. ती हिवाळ्यात गेली.

पोपट अजून आहे. तालुक्याचे डॉक्टर म्हणतात, धुरापासून जपलं तर पुष्कळ वर्षं जगेल. बाबा जपतात.