झी झीट

फेब्रुवारीतला रविवार, सकाळ. सिडकोतला जर्मनचा वर्ग. हजर: शिकवणारी मुलगी, सिल्लोडची एक नर्स, चितेगावच्या कारखान्यातला इंजिनिअर आणि मी. लेकीच्या बाळंतपणाला मला जर्मनीत जायचं होतं आणि तिथल्या दवाखान्यात मुकं बसायचं नव्हतं, म्हणून नाव घातलं होतं.

त्या दिवशीचा धडा होता, माणूस कसा दिसतो: दमलेला, दुःखी, खुश. सरावासाठी घरून फोटो आणायचे होते. इंजिनिअरने आपल्या साहेबांचा आणला. ते रागावलेले दिसतात, असं आम्ही सगळ्यांनी जर्मनमध्ये सांगितलं. तो म्हणाला, हा वाढदिवसाचा, साहेब यात हसताहेत.

मी धाकट्या बहिणीचा नेला होता, माझ्या लेकीच्या साखरपुड्यातला. त्यानंतर थोड्याच दिवसांत बहीण झोपेत गेली. हार्ट, असं डॉक्टर म्हणाले. हाच फोटो मोठा करून आम्ही भिंतीवर लावलाय, कारण यात ती खुश दिसते. वाक्य मी पाठ करून गेले होते. म्हटलं, "झी झीट ग्ल्युक्लिश."

शिकवणारी म्हणाली, "काकू, शेवटचं आउस राहिलं. आउस लावलं तर 'ती दिसते'. नुसतं झी झीट म्हणजे 'ती बघते'."

मी विचारलं, माणूस आता नाही, तर भूतकाळ घालू का? ती म्हणाली, फोटोतल्या माणसाला वर्तमानकाळच.

नर्सने फोटो उचलून खिडकीशी नेला. मग हळूच म्हणाली, "काकू, बुरा मत मानना. ये खुश नहीं, डरी हुई लगती."

मी पाहिलं. ओठ हसत होते. डोळे मात्र कॅमेऱ्याकडे नव्हते, बाजूला, फोटोच्या बाहेर कुठंतरी होते.

तेव्हापासून हॉलमधून जाताना मी भिंतीकडे बघत नाही, तरी ती बघते. एका दुपारी अल्बम काढून बसले. ती बघत होती त्या बाजूला कार्यालयाचं दार होतं. दारात कोण होतं, ते कुठल्याच फोटोत आलेलं नाही. शेजारी तिची लेक, माझी भाची, उभी होती. फोटोत तिचा फक्त हात आलाय, आईने मनगटापाशी आवळून धरलेला.

भाची आता वैजापूरला असते. आई कुणाला भ्यायली होती, हे माहीत असेल तर तिलाच.

व्हिसाचे कागद झाले. तिकीट झालं. डिंकाचे लाडू झाले. काल भाचीला फोनही झाला. तिकडचं ऊन विचारलं, कांद्याचा भाव विचारला. मग पुन्हा ऊनच विचारलं.

"मावशी, अजून काय?"

"काही नाही गं," म्हटलं.

तेवढं विचारायचं राहिलंय.