कदमसाहेबांचे पाच फोटो

कोणी तक्रार घेऊन आला की कदमसाहेब प्रथम त्यास खुर्ची देत, आणि मग टेबलाच्या खणातून एक खाकी पाकीट काढीत. त्यात पाच फोटो होते. दोहाच्या इंडस्ट्रियल एरियातील आमच्या कामगार वसाहतीचे ते सुपरवायझर. मूळचे साताऱ्याकडचे, गेल्या साली निवृत्त होऊन गावी परतले. त्यांचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत होते. सुटकेनंतर एका गोऱ्या शिपायाने त्यांना हे फोटो दिले. एकात तुरुंगाच्या फाटकापाशी सिगारेट ओढणारे सैनिक. उरलेले चार मुक्त केलेल्या छळछावण्यांतले: हाडांवर कातडे ताणलेली माणसे, गाड्यावर रचलेली प्रेते, नाकाला रुमाल लावलेला शिपाई.

"बघ नीट," साहेब म्हणत, "ह्यांनी कुणी अर्ज केला व्हता?"

एसी बंद पडला, हे फोटो. भातात किडे निघाले, हेच फोटो. माणूस मान खाली घालून उठे, तेव्हा साहेब त्याच्या पाठीवर हात फिरवून म्हणत, "यल्ला, चल, चहा पिऊन जा." चहा खरोखर देत, वेलची घातलेला. निर्दयपणा इतक्या मायेने करणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

मी तेथे स्टोअर सांभाळतो. शिक्षण नववीपर्यंत, तथापि तालुक्याच्या कचेरीबाहेर मी बारा वर्षे अर्ज लिहिले आहेत आणि माझा मसुदा कोणत्याही टेबलावरून परत आलेला नाही. म्हणूनच बीडकडचा रंगारी मारुती माझ्याकडे आला. त्याच्या आईची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती, तो एकुलता एक, आणि शहरातील वेस्ट बे भागातल्या टॉवरचे रंगकाम अपुरे आहे म्हणून साहेबांनी त्याची रजा तीनदा नाकारली होती.

मी मुख्य कार्यालयाच्या नावे साहेबांविरुद्ध तीन पानी अर्ज लिहिला. वरिष्ठांकडे करावयाचा अर्ज योग्य मार्गानेच जावा, ही माझी बारा वर्षांची शिस्त. त्यास अनुसरून वर 'सुपरवायझरसाहेबांच्या मार्फत' असे नमूद केले व तो साहेबांच्याच हाती देण्यास मारुतीला सांगितले.

"भाऊ, त्यांच्याच इरुद्ध, अन् त्यांच्याच हातात?" त्याने विचारले.

नियम तसा आहे, मी म्हणालो.

साहेबांनी तो अर्ज मेसमध्ये सर्वांसमोर मोठ्याने वाचला. भाषेचे कौतुक केले. 'मरणासन्न मातेचे अंतिम दर्शन' या शब्दांवर थांबून त्यांनी मारुतीला विचारले की हे शब्द तुझे की भाऊंचे? लोक हसले. कौतुकाने मी सुखावलो होतो, हे येथे कबूल करतो. मग अर्जाची घडी पाकिटात गेली. पुढे तो कोठेच गेला नाही.

नवव्या दिवशी आई वारली. मारुती ऑफिसात आला तेव्हा मी स्टॉकचे कागद घेऊन तेथेच उभा होतो. त्याने रजा मागितली नाही, फोटो मागितले. आजवर ते कोणी मागून घेतले नव्हते. पाचही टेबलावर मांडून त्याने एकेक उचलून पाहिला, आणि रुमालवाल्या शिपायावर बोट ठेवले.

"हे लोक पोचले तवा ह्यातले काही जित्ते होते, साहेब."

साहेबांनी फोटो गोळा केले, कडा जुळवल्या, पाकिटात सारले.

"उद्या बस पाचला सुटती," ते म्हणाले. "टॉवरचा रंग राहिलाय."

मारुती त्या बसने कामावर गेला. फाटकाशी मी त्यास हाक मारली. त्याने ती ऐकली, आणि चढून खिडकीपासून दूरच्या बाकावर बसला.