दहिवलीला काम हाय

त्या काळी मी कर्जत तालुक्यात नर्स होते. नर्स म्हणजे बाळंतपण आणि टोचणी, एवढंच लोकांना ठाऊक. म्हाताऱ्यांना 'मीठ कमी करा, चालत जा' सांगत हिंडणारी बाई त्यांना रिकामटेकडीच वाटायची. माझं तोंड फटकळ, म्हणून निदान ऐकून तरी घेत.

नदीपलीकडच्या गावात एक बाबा होते, जन्मभर भातशेती केलेले. मुलगा खोपोलीच्या कारखान्यात लागला, शेत दुसऱ्याला कसायला दिलं आणि बाबा ओटीवर बसले ते बसलेच. त्यांच्या लघवीत निळं औषध घालून नळी तापवली की रंग पार विटकरी व्हायचा, म्हणजे साखर भरपूर. पायाची एक जखम भरता भरता नाकी नऊ आले होते. पुढच्या खेपेला पाय काढावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"बाबा, रोज सकाळी फिरायला जा."

"फिराया? अन् कुनी इचारलं, कुठं निघालास, तर काय सांगू?"

खरंच होतं. आमच्याकडे वाटेत भेटलेल्याला हे विचारल्याशिवाय कोणी पुढे सरकत नाही. बाजाराला, गिरणीत, सोयरिकीला, काहीतरी सांगावंच लागतं. 'उगाच' म्हणालात तर डोकं फिरलं समजायचे. मी घसा कोरडा केला, पण पालथ्या घड्यावर पाणी!

मग मला पूल ओलांडून चालत जाता येईल अशा दहिवलीचा म्हातारा आठवला. बाबांचा जुना जोडीदार. तरुणपणी दोघांनी गवताच्या गाड्या बरोबरीने हाकलेल्या. त्याला ब्लडप्रेशर, आणि खोड गोळ्या उशाखाली लपवायची. बाबांना म्हटलं, "तो माझं ऐकत नाही. तुमच्यासमोर गोळी गिळेल." दहिवलीला जाऊन म्हाताऱ्याला म्हटलं, "तुम्ही गोळी घेतली नाहीत तर बाबा रागावून यायचे बंद होतील, आणि त्यांचा पाय जाईल."

झालं! डोक्याला टॉवेल गुंडाळून, वहाणा घालून बाबा निघाले. कोणी विचारलं की ऐटीत म्हणायचे, "दहिवलीला. काम हाय." तिथे गेल्यावर "तोंड उघड रं! जीभ वर कर!" असा आरडाओरडा. म्हाताऱ्याची सून तोंडाला पदर लावून हसायची. नळीतला रंग हळूहळू हिरव्यावर आला, म्हणजे साखर उतरली. त्या दिवशी मी ती नळी घेऊन अख्ख्या आळीला दाखवत फिरले. लोकांनी नाकं मुरडली, मुरडू देत!

दोन पावसाळे असे गेले. मग एका पहाटे म्हातारा झोपेतच गेला. गोळी चुकली नव्हती, वय झालं होतं.

तेराव्यानंतर मी गेले तर बाबा पुन्हा ओटीवर. मान वर करेनात.

"बाई, आता कुठं जाऊ?"

माझे डोळे भरून आले, ते लपवायला मी खेकसलेच, "वहाणा घाला. चला माझ्याबरोबर."

पुलापर्यंत पोचलो. समोरून दूधवाल्याने सायकलवरून पाय टेकला. "कुठं निघाला, बाबा?"

'माझी औषधांची पिशवी पोचवायला येतायत' असं मी ठरवूनच ठेवलं होतं. तोंड उघडलं, तर बाबांनी हातानेच थांबवलं.

"फिराया," ते म्हणाले. "माझ्या दोस्तानं गोळ्या गिळून राखलेला पाय हाय ह्यो. बसून घालवू व्हय?"