नव्या दाताची परीक्षा खर्र्यावर

आज माह्यं डोकं जाम फिरलं हाय, म्हणून लिहून राह्यलो. नेर गावात माहा दातांचा दवाखाना हाय.

बोरी अरब गावच्या एका काकांले इम्प्लांट, म्हणजे स्क्रूवरचा नवा दात, लावला होता. स्क्रू हाडात बसते, पण वर हिरडी त्याले घट्ट चिकटली नाही तर फटीतून जंतू आत जातात. हिरडी चांगली धरावी म्हणून खास पृष्ठभागाचा स्क्रू मागवला. बजावलं, "हिरडी धरेपर्यंत तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद!"

आज पाह्यलं तर हिरडी सुटलेली, आत पू, अन् फटीत सुपारीचा चुरा.

"काका, काहून खाल्ला?"

"पारावरचे म्हणे, नवा दात मजबूत हाय का दाखव. म्या चावून दाखवलं."

तिकडे हिरडी धातूले चिकटावी म्हणून शास्त्रज्ञ डोकं लावून राह्यले, अन् आपण पारावर त्याची परीक्षा घेतो!

आता स्क्रू काढा लागते, हे सोबत आलेल्या माणसाले सांगाले काकांले घेऊन बाहेर आलो. काकांचा दोस्त माह्याच बाकड्यावर खर्रा घोटत बसलेला. म्हणे, "घे गा, दुखणं मरते."

अन् काकांनी माह्यासमोर हात पुढं केला.

दोस्ताच्या हातचा खर्रा नाकारणारा एक तरी माणूस आपल्या जिल्ह्यात हाय का? असंन तर सांगा. मले त्याच्या पाया पडायचं हाय.